कधीच न चाललेली नाणी

२२ मिलिमीटर व्यास, ४ ग्रॅम वजन. छाप्यावर डावीकडे पाहणारे मार्शल फिलिप पेतां, काट्यावर दोन पात्यांची कुऱ्हाड, आणि किंमत ५ फ्रँक. साल १९४१. फ्रान्सचा अर्धाअधिक भाग जर्मन फौजांच्या टाचेखाली आहे. लोक शिधापत्रिका घेऊन पावासाठी रांगा लावतायत. अशा वेळी पॅरिसच्या टांकसाळीने हे नाणं पाडलं. किती? १ कोटी ३७ लाख ८२ हजार!

आणि मग? मग काहीच नाही. ही नाणी बाजारात सोडलीच नाहीत. साधारण ५५ टन धातूवर मार्शलचा चेहरा उमटवला गेला आणि त्यातला बहुतेक धातू पुन्हा भट्टीत गेला. जी थोडी नाणी कशीबशी वाचली, ती आज संग्राहकांकडे आहेत.

एवढी मोठी टांकसाळ, एवढी मेहनत, एवढा दुर्मीळ धातू, आणि सगळं मोडीत? असं का झालं असेल? या एका प्रश्नाचा पिच्छा पुरवायचा तर या नाण्याच्याही मागे जावं लागतं. कारण प्रत्येक नाण्याच्या आधी आणखी काही नाणी जन्माला येतात. ती संख्येने मूठभर असतात, चलनात कधीच येत नाहीत आणि सरकारच्या मनात नेमकं काय चाललं होतं, हे सर्वांत प्रामाणिकपणे तीच सांगतात. फ्रेंच लोक त्यांना ‘एसे’ म्हणतात. आपण नमुना नाणी म्हणू.

नमुना नाणं म्हणजे काय? शिंपी अंगरखा शिवताना आधी कच्चे टाके घालतो, अंगावर चढवून पाहतो, खांद्यात सैल वाटलं तर उसवतो, पुन्हा बेततो. टांकसाळही तेच करते, फक्त धातूवर. कागदावर देखणं दिसणारं चित्र २२ मिलिमीटरच्या चकतीवर उमटेल का? अक्षरं वाचता येतील का? चेहऱ्याचं नाक पहिल्या वर्षातच झिजून जाईल का? हजारो फटके मारल्यावर ठसा टिकेल का? ही उत्तरं कागद देत नाही. नाणं पाडूनच पाहावं लागतं.

आता हे घडतं कसं, ते पाहा. शिल्पकार आधी प्लास्टरचा मोठा साचा घडवतो, नाण्याच्या कितीतरी पट मोठा. त्यावर माणसाच्या हाताला बारकावे काढता येतात. केसांची बट, गव्हाच्या ओंबीवरचं कुसळ, अक्षराची टोकं. मग येतं एक अचाट यंत्र. त्याचं एक टोक मोठ्या साच्यावरून हळूहळू, वर्तुळं घेत फिरतं. दुसऱ्या टोकाला एक धारदार सुई असते. ती त्याच हालचाली कित्येक पटींनी लहान करून पोलादावर कोरत जाते. मोठ्या साच्यावर टोक जरासं वर चढलं की पोलादावर सुई केसभर वर चढते. तासन्तास हे चालतं आणि शेवटी नाण्याएवढ्या पोलादी ठोकळ्यावर तोच चेहरा जसाच्या तसा उतरतो! त्या ठोकळ्यावरून ठसे तयार होतात, दोन ठशांमध्ये धातूची कोरी चकती ठेवली जाते आणि टनावारी दाबाच्या एका फटक्यात छापा, काटा, कधीकधी कडही, एकाच वेळी उमटते. थंड, घट्ट धातू त्या क्षणी लोण्यासारखा वाहतो आणि ठशाच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिरतो.

पण वाहतो म्हणजे प्रत्येक धातू सारखाच वाहतो का? मुळीच नाही. निकेल कडक आणि चिवट. तो ठशांना झिजवतो, पण त्यावरचं काम वर्षानुवर्षं टवटवीत राहतं. ॲल्युमिनियम मऊ आणि हलका, ठसा झेलायला तयार, पण खिशातल्या किल्ल्यांनीही ओरखडे पडणारा. आणि जस्त? जस्ताची तऱ्हाच वेगळी. साध्या तापमानाला ते ठिसूळ वागतं, पण १०० ते १५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान चांगलं लवचीक होतं, लाटता येतं, वाकवता येतं. म्हणजे तेच चित्र, तोच ठसा, तोच फटका, पण धातू बदलला की नाणं बदलतं. म्हणून एकाच आराखड्याचे नमुने वेगवेगळ्या धातूंत, वेगवेगळ्या जाडीत पाडून पाहतात. काही नमुने मुद्दाम दुप्पट जाड करतात, त्यांना ‘पिएफोर’ म्हणतात. मंत्री, अधिकारी, मानकरी यांच्यासमोर ते ठेवले जातात आणि पसंती-नापसंती ठरते.

हे नमुने चुकून बाजारात जाऊ नयेत म्हणून बहुतेकांवर अगदी बारीक ठशात पाच रोमन अक्षरं उमटवलेली असतात. नाण्याच्या मोकळ्या जागेत, किंमतीच्या शेजारी किंवा चित्राच्या पायथ्याशी. ई, एस, एस, ए, आय. भिंग लावल्याशिवाय कधीकधी ती दिसतही नाहीत. पण ती पाच अक्षरं असली, की नाण्याचं अख्खं नशीबच बदलतं. त्याच चेहऱ्याचं, त्याच सालाचं चलनी नाणं लाखांनी असू शकतं, आणि ही पाच अक्षरं असलेलं मोजकंच. युद्धानंतर फ्रेंच वसाहतींसाठी नाणी काढली तेव्हा नमुन्यांची संख्या साधारण ११०० आणि पिएफोरची १०४ असायची. युद्धकाळातले अनेक नमुने याहूनही विरळ आहेत.

आता थोडं मागे जाऊ. फ्रान्सच्या नमुना नाण्यांवर युद्धाची सावली याआधीही पडली होती, १९१४ मध्ये, आणि तीही फार चमत्कारिक योगायोगाने. ४ ऑगस्ट १९१३ रोजी फ्रान्सने कायदा केला की, तांब्याच्या जड चिल्लरऐवजी मधोमध भोक असलेली निकेलची नाणी काढायची. भोक कशासाठी? धातू वाचतो, आणि अंधारातही बोटाला कळतं की हे चांदीचं नाणं नव्हे. अनेक कोरक्यांनी नमुने सादर केले. भोकाभोवती चित्र बसवायचं म्हणजे मोठं कठीण काम, कारण नाण्याचा सगळ्यात महत्त्वाचा भागच गायब! एमिल लिंदोअर यांचा आराखडा निवडला गेला. नाणी पाडायला सुरुवात झाली आणि ३ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मनीने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलं. कायद्याला वर्ष व्हायला एक दिवस बाकी होता.

त्यामुळे १९१४ सालाची लिंदोअर नाणी फार थोडी आहेत. काम मोठ्या प्रमाणावर पुन्हा सुरू झालं ते १९१७ मध्ये. त्याच १९१४ मध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या दिशेने सरकत असताना चांदीची नाणी पाडायचं काम काही काळ पार दक्षिणेला, कास्तेलसाराझँ या गावी हलवलं गेलं. तिथल्या चांदीच्या फ्रँकवर ‘सी’ हे एक इवलं अक्षर आहे. एका अक्षरात केवढी घालमेल दडली आहे, पाहा! राजधानी पडेल की काय या भीतीने टांकसाळच प्रवासाला निघाली होती. तीही अशी टांकसाळ, जिची परंपरा थेट ८६४ सालापर्यंत मागे जाते.

आता पुन्हा १९४१. जून १९४० मध्ये फ्रान्स हरला. १० जुलैला विशी या शहरात पेतां यांच्या हाती सर्व सत्ता सोपवली गेली. पहिल्या महायुद्धात व्हर्दँच्या लढाईने त्यांना राष्ट्रपुरुष केलं होतं. त्यांनी प्रजासत्ताक गुंडाळलं. ‘फ्रेंच प्रजासत्ताक’ या नावाऐवजी आलं ‘फ्रेंच राज्य’. ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ हे ब्रीद हटलं आणि ‘श्रम, कुटुंब, मातृभूमी’ आलं. त्यांचं बोधचिन्ह ठरलं फ्रँसिस्क, म्हणजे दोन पात्यांची कुऱ्हाड, जिच्या दांड्याच्या जागी मार्शलचा मानदंड होता.

आता विचार करा, नव्या राजवटीला सगळ्यात आधी काय हवं असतं? टपालतिकीट आणि नाणं. कारण या दोन गोष्टी प्रत्येक घरात जातात. आणि इथे घडलं असं काही, जे फ्रान्समध्ये ७० वर्षांत घडलं नव्हतं. १८७० मध्ये तिसरा नेपोलियन गादीवरून उतरला, तेव्हापासून फ्रेंच नाण्यांवर जिवंत राज्यकर्त्याचा चेहरा नव्हता. प्रजासत्ताकाने मुद्दाम तसं ठरवलं होतं. नाण्यावर प्रजासत्ताकाचं प्रतीक असलेली मारियान असायची, बी पेरणारी स्त्री असायची, कोंबडा असायचा, पण राष्ट्राध्यक्ष कधीच नसायचे. आणि आता पेतां! त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे पेतां यांचा जन्म १८५६ चा. म्हणजे ते लहान असताना बाजारात तिसऱ्या नेपोलियनचा चेहरा असलेली नाणी फिरत होती, आणि वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचाच चेहरा नाण्यावर चढत होता.

हे काम टांकसाळीचे मुख्य कोरके ल्युसियाँ बाझोर यांच्याकडे आलं. ५ फ्रँकचा आराखडा एका फटक्यात जमला नाही. त्यांनी एकामागून एक नमुने काढले. सूचींमध्ये आज ते पहिला आराखडा, दुसरा आराखडा अशा क्रमाने नोंदलेले सापडतात. पेतां यांच्या चेहऱ्याचे नमुने १० आणि २० फ्रँकसाठीही निघाले. ते सगळे शेजारी-शेजारी ठेवून पाहिले तर राजवटीचा विचार टप्प्याटप्प्याने घडताना दिसतो. एखाद्या मंत्रालयाचे गुप्त टिपणकागद धातूत गोठून आपल्या हाती यावेत, तसा हा ऐवज आहे.

मग हे नाणं चाललं का नाही? याचं उत्तर पॅरिसहून सुमारे १७ हजार किलोमीटरवर, पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर सुरू होतं. न्यू कॅलेडोनिया. फ्रान्सच्या ताब्यातल्या या बेटावर जगातल्या मोठ्या निकेलसाठ्यांपैकी एक आहे. आणि सप्टेंबर १९४० मध्ये या बेटाने विशीच्या सरकारकडे पाठ फिरवून लंडनमधून लढा चालू ठेवणाऱ्या जनरल द गॉल यांची बाजू घेतली! त्याच महिन्यात आपल्याजवळच्या, तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यातल्या पुदुच्चेरीनेही तोच रस्ता धरला होता. म्हणजे विशीकडे सत्ता होती, टांकसाळ होती, मार्शलचा चेहरा होता, पण नवं निकेल येणार कुठून? जे होतं त्यावर जर्मनीचा डोळा होता. निकेलशिवाय चिलखती पोलाद नाही, चिलखती पोलादाशिवाय रणगाडे नाहीत.

जर्मनी तर रोजच्या रोज फ्रान्सकडून ताबा ठेवण्याचा खर्च वसूल करत होता. दिवसाला २ कोटी राइशमार्क. आणि विनिमयाचा दर ठरवला होता १ मार्कला २० फ्रँक. म्हणजे रोजचे ४० कोटी फ्रँक! धातूचीही तशीच ओढाताण होती. ११ ऑक्टोबर १९४१ च्या कायद्याने चौकाचौकांतले तांब्याच्या मिश्रधातूंचे पुतळे उतरवून वितळवायचं ठरलं. ज्या काळात थोर माणसांचे पुतळेच भट्टीत जात होते, त्या काळात तांबं आणि निकेल मिसळून केलेलं ५ फ्रँकचं नाणं टिकणार तरी कसं?

युद्धाने फ्रान्सच्या ५ फ्रँकचं काय केलं, हे नुसत्या वजनावरूनही वाचता येतं. युद्धाआधी कोरके लाव्रिलिए यांनी घडवलेलं ५ फ्रँकचं निकेल नाणं ३१ मिलिमीटरचं होतं, वजन १२ ग्रॅम. पेतां यांचं ४ ग्रॅम. आणि १९४५ मध्ये तोच लाव्रिलिएचा आराखडा पुन्हा ३१ मिलिमीटरमध्ये निघाला तेव्हा तो ॲल्युमिनियमचा होता आणि वजन होतं ३.५ ग्रॅम. किंमत तीच, चेहरा तोच, पण हातात घेतलं तर फुंकरीने उडेल की काय असं वाटावं. १ फ्रँकचंही तेच. पितळी रंगाचं, ४ ग्रॅमचं नाणं ॲल्युमिनियममध्ये आलं तेव्हा १.३ ग्रॅम झालं. फरशीवर टाकलं तर खणखण वाजत नाही, बोदा आवाज करतं.

जस्ताची गोष्ट तर आणखी विलक्षण. १० आणि २० सांतीमची (सांतीम म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग) चिल्लर १९४१ पासून जस्तात निघू लागली, लिंदोअरसारखीच मधोमध भोक असलेली. १९४३ मध्ये भारतातही तांबं वाचवायला भोकाचा पैसा निघाला होता, आपल्या आजी-आजोबांच्या हातात तो फिरला आहे. एकाच युद्धाने दोन खंडांतल्या नाण्यांना भोक पाडलं! फ्रान्समध्ये तर १९४१ मध्येच २० सांतीमवरची किंमत आधी अक्षरी होती आणि नंतर आकडी झाली. १० सांतीमचं नाणं २१ मिलिमीटरवरून १९४३ मध्ये १७ मिलिमीटरवर आलं. पण जस्त हवेत काळवंडतं, त्यावर पांढरट पापुद्रा धरतो. म्हणून आज जस्ताचं एखादं नाणं टांकसाळीतून आत्ताच बाहेर पडल्यासारखं चमकत असेल, तर संग्राहक ते हातात घेऊन कितीतरी वेळ पाहत राहतात.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. २० सांतीमचं १९४४ चं जस्ताचं नाणं मिळालं, तर त्याजवळ साधं लोहचुंबक न्या. जस्ताला ते ओढणार नाही. पण ओढलं तर? तर तुमच्या हातात १९४४ चं लोखंडी नाणं आहे. जस्तही पुरेना तेव्हा टांकसाळीने तोच आराखडा लोखंडात पाडला, आणि लोखंडी नाणी फार थोडी निघाली. दिसायला दोन्ही एकसारखी, करडी, भोकाची. फरक सांगतो तो फक्त चुंबक.

आणि हे पाहा. प्रजासत्ताक बरखास्त झालं जुलै १९४० मध्ये. मग १९४१ च्या सगळ्याच नाण्यांवर ‘फ्रेंच राज्य’ असायला हवं, नाही का? प्रत्यक्षात १९४१ मध्ये पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या १ फ्रँकवर ‘फ्रेंच प्रजासत्ताक’ हीच अक्षरं आहेत! जस्ताच्या काही १० सांतीमवरही प्रजासत्ताकाची आद्याक्षरं राहिली. कारण साधं आहे. सरकार बदलायला एक दिवस पुरतो, पण ठसे बदलायला महिने लागतात. नवे आराखडे, नवे साचे, नवे नमुने, नवी मंजुरी. या मधल्या काळात टांकसाळ त्या राज्याच्या नावाने नाणी पाडत राहिली, जे कागदावर उरलंच नव्हतं. नमुना नाण्यांचं काम किती किचकट आणि वेळखाऊ असतं, याचा याहून भक्कम पुरावा कोणता?

१९४२ पासून कुऱ्हाडीची ॲल्युमिनियमची नाणी आली. ५० सांतीम, १ फ्रँक, मग २ फ्रँक. एका बाजूला गव्हाच्या ओंब्यांमध्ये फ्रँसिस्क, दुसऱ्या बाजूला ‘श्रम, कुटुंब, मातृभूमी’. १६ आणि १७ जुलै १९४२ रोजी पॅरिसच्या पोलिसांनी १३,१५२ ज्यू स्त्री-पुरुष-मुलांना घरांतून उचललं. त्यात चार हजारांहून अधिक मुलं होती. जी राजवट नाण्यावर ‘कुटुंब’ कोरत होती, तीच कुटुंबं फोडत होती. हे नाणं हातात घेतलं की त्यावरचा सुबक कोरीवपणा आणि त्या वर्षाचं वास्तव, दोन्ही एकत्र समोर येतं. म्हणूनच ते जपणं महत्त्वाचं आहे. ज्या शब्दांनी माणसं फसवली गेली, ते शब्द धातूत पुराव्यासारखे शिल्लक आहेत.

आणि त्याच वेळी आफ्रिकेत काय चाललं होतं? द गॉल यांच्या बाजूला गेलेल्या विषुववृत्तीय फ्रेंच आफ्रिकेसाठी १९४२ मध्ये नाणी पाडली गेली ती दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाच्या टांकसाळीत. एका बाजूला कोंबडा, दुसऱ्या बाजूला लोरेनचा क्रूस, म्हणजे स्वतंत्र फ्रान्सचं चिन्ह. म्हणजे १९४२ मध्ये पृथ्वीवर दोन फ्रान्स होते आणि दोघांची स्वतःची नाणी होती. एकाच्या नाण्यावर कुऱ्हाड, दुसऱ्याच्या नाण्यावर क्रूस!

१९४४ मध्ये तर कमालच झाली. त्या एका सालाची फ्रेंच नाणी गोळा करा आणि टेबलावर मांडा. ‘फ्रेंच राज्य’ लिहिलेला कुऱ्हाडीचा १ फ्रँक, साल १९४४. ‘फ्रेंच प्रजासत्ताक’ लिहिलेला, कोरके मॉर्लोँ यांचा १ फ्रँक, साल १९४४. आणि पितळेचा २ फ्रँक, ज्यावर राज्यही नाही आणि प्रजासत्ताकही नाही, फक्त ‘फ्रान्स’. हा तिसरा आला कुठून? अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून. मुक्त होणाऱ्या फ्रान्सला चिल्लर लागेल म्हणून तिथे ही ५ कोटी नाणी पाडली गेली. फ्रान्सचं कायदेशीर सरकार कोणतं, याचा वाद मिटलेला नव्हता, आणि नाण्यावर राज्यव्यवस्थेचं नावच नाही! शेजारच्या बेल्जियमसाठी त्याच टांकसाळीने त्याच वर्षी २ फ्रँक पाडले, तेही अमेरिकन सेंटसाठी १९४३ मध्ये वापरलेल्या पोलादी चकत्यांवर. पॅरिस मुक्त झालं २५ ऑगस्ट १९४४ रोजी, आणि त्या वर्षाची सगळी ओढाताण या तीन फ्रेंच नाण्यांत उमटलेली आहे.

आता कोणी विचारेल, हे सगळं कळलं कसं? वितळवलेल्या नाण्यांचा, मूठभर नमुन्यांचा हिशेब ठेवला कुणी? संग्राहकांनी! व्हिक्टर गिलोतो नावाच्या अभ्यासकाने फ्रेंच नाण्यांची जी सूची केली, तिच्या शीर्षकातच १९४२ हे अंतिम साल आहे. म्हणजे देश शत्रूच्या ताब्यात असताना एक माणूस त्या देशाच्या नाण्यांना क्रमांक देत होता! आजही लिलावाच्या वर्णनांत नमुन्यापुढे त्याच्या नावाची आद्याक्षरं आणि क्रमांक सापडतो. १९६० च्या दशकात जाँ माझार यांनी आधुनिक फ्रेंच नाण्यांचा दोन खंडांत इतिहास लिहिला. अशा लोकांच्या चिकाटीमुळे आज आपण खात्रीने म्हणू शकतो की हा दुसरा आराखडा, हा चौथा.

तुम्हालाही या वाटेने जायचं असेल, तर सुरुवात महागड्या नमुन्यांपासून करू नका. आधी साध्या, चाललेल्या नाण्यांवर डोळा तयार करा. एक वजनकाटा घ्या, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. एक भिंग, एक चुंबक. आणि नाणं उलटण्याची एक सोपी युक्ती शिका. आपल्या खिशातलं रुपयाचं नाणं दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा आणि पान उलटावं तसं आडवं फिरवा, दुसरी बाजू सरळ दिसेल. त्या काळातलं फ्रेंच नाणं असं फिरवलंत तर दुसरी बाजू उलटी दिसेल. ते वरून खाली फिरवावं लागतं. एवढ्या एका सवयीने कित्येक नकली नाणी पहिल्याच फेरीत पकडली जातात. ओतीव बनावट नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा गोलसर असतात. ठशाच्या फटक्याने घडलेल्या खऱ्या नाण्याची अक्षरं कोरलेल्या दगडासारखी तीक्ष्ण उभी राहतात. आणि जस्त, ॲल्युमिनियम कधीही घासूपुसू नका. चमक आणायला गेलात तर इतिहासाचा वरचा थर निघून जाईल.

आणि मग एक दिवस कुठल्याशा लिलावात, भिंगाखाली ती पाच बारीक अक्षरं दिसतील. तेव्हा बाझोर यांचा विचार जरूर करा. कारण या कथेतलं सगळ्यात मोठं आश्चर्य तेच आहेत. १९३३ मध्ये त्यांनी प्रजासत्ताकासाठी ५ फ्रँक घडवला. तो त्याच वर्षी मागे पडला आणि त्याची जागा लाव्रिलिएच्या मोठ्या नाण्याने घेतली. १९४१ मध्ये त्यांनी मार्शलसाठी ५ फ्रँक घडवला, तो भट्टीत गेला. मार्शल १९४५ मध्ये न्यायालयासमोर उभे राहिले, त्यांची देहान्ताची शिक्षा जन्मठेपेत बदलली आणि १९५१ मध्ये ते वारले. बाझोर मात्र १९५८ पर्यंत मुख्य कोरक्याच्या पदावर राहिले आणि नव्या प्रजासत्ताकाची नाणी त्यांच्या देखरेखीखाली निघत राहिली. लिंदोअर यांचा १९१४ चा भोकाचा आराखडाही १९४५ मध्ये जस्तात परत आला आणि विशी राजवटीच्या चिल्लरची जागा त्याने घेतली.

म्हणून मला वाटतं, चलनात फिरलेलं नाणं आपल्याला सांगतं की कोणाची सत्ता होती. नमुना नाणं त्याहून अवघड गोष्ट सांगतं. सत्तेला काय व्हायचं होतं, आणि धातू, युद्ध आणि माणसं यांनी तिला कुठे अडवलं. मार्शलच्या चेहऱ्याला अडवायला एका दूरच्या बेटाच्या बंडाने आणि निकेलच्या टंचाईने हातभार लावला, ही गोष्ट इतिहासाच्या जाड ग्रंथांत एखाद्या ओळीत उरकली जाते. २२ मिलिमीटरच्या त्या चकतीत ती अख्खी सामावली आहे.